डबड्या अजून जागा हाय

परवा खळ्यावर कोंबड्या शिरल्या आणि कोणी ‘फौज आली’ म्हणून ओरडलं नाय.

मागच्या आळीच्या कोंबड्या होत्या. सारवलेल्या खळ्यावर भात पसरलेलं, त्यात त्यांनी आरामात पाय खरडले, चोची मारल्या. एक तर माझ्याकडं बघत बघत खात होती, पाहुणीसारखी. शेवटी सुमनकाकीनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि “हड् हड्” केलं. नुसतं हड् हड्. जगात सगळीकडं कोंबड्यांना करतात तसं.

आमच्या खळ्यावर ही पद्धत नव्हती. आमच्या खळ्यावर कोंबडी दिसली की दामूकाका हातातला भारा तसाच डोक्यावर धरून ओरडायचा, “फौज आली! चौकी, जागा हायस का?” आणि मग स्वतःच आवाज बदलून, घशात डब्यासारखं काहीतरी खडखडवून, स्वतःलाच उत्तर द्यायचा, “जागा हाय, सायेब.” मग आमी सगळी पोरं पेंढ्याच्या काड्यांच्या बंदुका करून कोंबड्यांवर तुटून पडायचो. कोंबड्यांना शेवटपर्यंत कळलं नसणार की त्या परग्रहावरच्या आहेत.

हे बाहेरच्या माणसाला सांगायचं म्हणजे जरा मागं जायला लागेल.

आमचं गाव डोळखांबच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला. दामूकाका माझ्या बापाचा धाकटा भाऊ. त्याला आणि सुमनकाकीला मूलबाळ नाय, त्यामुळं अख्ख्या आळीची पोरं त्याची. शेती तुटपुंजी, बाकी वर्षभर मिळेल ते काम. पण भाताच्या झोडणीला त्याला मागणी फार. आमच्याकडं सावड चालते, म्हणजे आज सगळे माझ्या खळ्यावर, उद्या सगळे तुझ्या. पैसा नाय, फक्त दुपारचं जेवण. त्यात दामूकाका ज्याच्या खळ्यावर त्याचं काम लवकर उरकायचं, कारण तो पिक्चर सांगायचा. भारा फळीवर आपटत आपटत, धप्, धप्, त्या तालात सगळ्यांचे आवाज काढायचा. हिरो, हिरोची आई, पोलीस, विमान, कुत्रा. पिक्चर संपायच्या आत भात संपायचं आणि माणसं अजून भारे मागायची.

आता, त्या पिक्चरांचा पिक्चर म्हणजे ‘आखरी चौकी’.

इंग्रजी नाव दुसरं होतं, ते आमी कधी वाचायच्या भानगडीत पडलो नाय. मी बालवाडीत होतो तेव्हाची गोष्ट. दामूकाका म्हशाच्या जत्रेला गेला होता घोंगडी आणायला. घोंगडी आणली आणि सोबत दोन सीड्यांचं एक पाकीट. पाकिटावर तारे, धूर, आणि मधोमध एक गंजलेलं यंत्र, पाण्याच्या टाकीला हात-पाय फुटल्यासारखं. काकी बोलली, “घोंगडी एकच आणलीव आणि हे काय?” तर बोलला, “अगो, ऊब दोन तऱ्हेची असते.”

रविवारी दुपारी पाटलांकडचा टीव्ही आणि सीडीवाली पेटी आमच्या पडवीत आली. खिडकीला गोणपाटं लावून अंधार केला. अख्खी आळी जमली. पिक्चर हिंदीत केलेला. आकाशाच्या पार टोकाला एक चौकी. तिथं दोघंच, एक कॅप्टन आणि ते यंत्र. कॅप्टन यान घेऊन गस्तीला जाणार, यंत्र एकटं चौकी सांभाळणार. लांबून कॅप्टन वायरलेसवर विचारणार, चौकी, जागे आहात का? आणि यंत्र तेच एक वाक्य बोलणार, जागा आहे साहेब. बस. त्याला दुसरं काही बोलताच येत नव्हतं. आमी त्याचं नाव तिथंच ठेवलं, डबड्या.

पहिली सीडी संपली ती अशा जागी, की कॅप्टनला शत्रूनं चारी बाजूनं घेरलंय, तो वायरलेसवर ओरडतोय, आणि चौकीवरून उत्तर नाय. खडखड नाय, काही नाय. दामूकाकानं दुसरी सीडी घातली.

दुसऱ्या सीडीत कुक्कुटपालनाची माहिती होती.

खरंच. पाकिटात कोणीतरी भलतीच सीडी कोंबलेली. पडद्यावर एक भली लांब शेड आणि तिच्यात जिकडं बघावं तिकडं पांढऱ्या कोंबड्या. सफारीतला एक माणूस कोंबड्यांचा आहार समजावून सांगतोय. पोरं रडायच्या बेतात, म्हातारी माणसं उठायला लागली. तेवढ्यात दामूकाकानं पुढं होऊन टीव्हीचा आवाज बंद केला आणि पडद्याच्या बाजूला उकिडवा बसला.

“ही बघा,” तो खर्जात बोलला, “शत्रूची फौज.”

उठलेली माणसं परत बसली.

“सगळे सारखे. पांढरे कपडे. हा मधला सफारीवाला, हा त्यांचा राजा. आता खायाला घालतोय, पण ह्याचा काय भरवसा नाय.” मग कोंबड्यांना लस टोचायचं आलं, तर बोलला, हा कॅप्टन, वेश बदलून घुसलाय, एकेकाला झोपेचं औषध टोचतोय. अंड्यांच्या गाड्या निघाल्या, तर ती शत्रूची यानं. माझा बाप, जो कधी हसत नाय, तो भिंतीला डोकं टेकून हसत होता. आणि शेवटी, माहितीपटाचा शेवट असा होता, की संध्याकाळ झालीय, गाड्या गेल्यात, रिकामी शेड आणि तिच्यात एकच बल्ब चालू.

दामूकाका हळू आवाजात बोलला, “कॅप्टन जिंकला. घरी गेला, बायकोपोरांत. पण चौकी तर सोडता येत नाय. हा जो दिवा दिसतोय ना, हा आपला डबड्या. एकटाच हाय. घरनं कॅप्टन विचारतोय, बाबा, जागा हायस का?”

आणि त्यानं तो आवाज काढला.

“जागा हाय, सायेब.”

कोणी हसलं नाय. बल्ब दिसत राहिला, आणि मग पडदा निळा झाला.

आमच्या गावात ‘आखरी चौकी’ हीच. मी शहापूरला शाळेत जायला लागलो तेव्हा एका मित्राच्या मोबाईलवर खरा पिक्चर बघितला. त्यात कोंबड्या नव्हत्या. ठीक आहे, तेवढा मला अंदाज होता. पण त्यात डबड्या मरतो. कॅप्टनला वाचवायला तो अख्खी चौकी स्वतःसकट उडवून देतो, आणि पुढं गाणं लागतं. मी घरी येऊन काकाला सांगितलं. तो दावं वळत होता. मान पण वर केली नाय.

“फौज कशी होती?”

“काळ्या कपड्यातली माणसं होती.”

“कोंबड्या नव्हत्या?”

“नाय.”

“मंग त्यांची सीडी खराब असंल,” काका बोलला.

पुढं दुसरा भाग आला, तिसरा आला. दोन्हीत डबड्या नव्हता. काका बोलायचा, “तो चौकीवरच हाय. दाखवीत नायत, बस. राखण करणाऱ्याला कोण दाखवतंय?” मी ते सगळे भाग शहापूरला, मुरबाडला, मिळेल तिथं बघायचो आणि खळ्यावर येऊन सांगायचो, कारण तोवर नकला करायची मला पण लागण झाली होती. शाळेत सरांची नक्कल करून मार खाल्ला, हळदीला नवऱ्याच्या मामाची नक्कल करून जेवण खाल्लं. गावानं नाव पाडलं नकल्या. आज वाशिंदला कंपनीत कंत्राटी काम करतो तिथं पण सुपरवायझर सोडून सगळ्यांचा लाडका आहे. सगळ्यांचे आवाज मी काढतो. फक्त खळ्यावर डबड्याचं वाक्य आलं की थांबायचं, ही शिस्त. ते वाक्य दामूकाकाचं. मी कॅप्टन व्हायचो, विचारायचो, जागा हायस का? आणि तो पेंढ्यावर पडल्या पडल्या उत्तर द्यायचा.

खरं तर पेंढ्यावर तो झोपलेलाच असायचा. दुपारी जेवण झालं की टोपी तोंडावर घेऊन आडवा. काकी सूप घेऊन जाता जाता हाक मारायची, “आवो, झोपलाव का?” टोपीखालून खडखड व्हायची, “जागा हाय, सायेब.” आणि काकी, दरवेळी, अगदी दरवेळी, “मेलं ते तुमचं डबडं!” असं बोलून पुढं जायची. जाताना हसायची. आमच्या झोडणीच्या दिवसांचा हा दुपारचा भोंगा होता. ह्याच्यावर लोक कामाला उठायचे.

तीन सालांमागच्या झोडणीला काकाचा डबड्या एकदम भारी लागला होता. इतका खरखरीत, इतका लांबून आल्यासारखा, की आळीतला बाळूदादा बोलला, “दाम्या, आता खरा गंज चढला रे तुझ्या डबड्याला.” आमी टाळ्या वाजवल्या. काकानं अजून दोनदा करून दाखवलं. मग खोकला. त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात. भाताची धूळ लागली असेल असं सगळे बोलले, काकीनं हळदीचं दूध दिलं. घशात गाठ होती.

पुढचं मी पटकन सांगतो, कारण ते सांगायला मला कुठलाच आवाज येत नाय. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलच्या वाऱ्या. पुढच्या सालच्या झोडणीला काकाकाकी तिथंच एका धर्मशाळेत होते, इथं कोणी पिक्चर सांगितला नाय. मग ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी जीव ठेवला आणि आवाजाची पेटीच काढून घेतली. गळ्याला पुढून भोक, त्यात नळी, वरून काकीनं शिवलेला मलमलचा रुमाल. श्वास तिथूनच. बोलायला तोंड उघडलं की नुसते ओठ हलायचे. ज्या माणसानं कुत्रा, विमान, हिरोची आई, सगळं केलं, त्याला बायकोला हाक मारता येत नव्हती. ताटावर चमचा वाजवायचा. काकी कुठं पण असो, धावत यायची.

आणि अशात, गेल्या साली, भात फुलोऱ्यात असताना, बातमी आली. ‘आखरी चौकी’चा नवा भाग, आणि डबड्या परत येतोय.

मी मोबाईलवर झलक दाखवली. अंधार, धूळ, मोडकी चौकी. कोणीतरी टॉर्च मारतंय. टॉर्चच्या उजेडात गंजलेला हात. आणि शेवटी, फक्त खडखड. वाक्य नाय, नुसती वाक्याच्या आधीची खडखड. काका बघत राहिला. मग माझ्याकडं बघून ओठ हलवले, सावकाश, मला कळावं म्हणून: बोललो होतो ना. मग बोट हवेत गोल फिरवलं. म्हणजे परत लाव. मी परत लावलं. बोट परत फिरलं. अख्खी संध्याकाळ आमी ती झलक बघितली. काकी चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. तिनं मधेच विचारलं, “काय बोलतंय ते डबडं?” मी बोललो, “अजून काय नाय बोललं, काकी. पिक्चरमध्ये बोलेल.”

तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं. ह्याचा आवाज गेला तो गेला. पण ते वाक्य ह्याला एकदा ऐकवायचं. मोठ्या पडद्यावर, मोठ्या आवाजात, छाती हादरेल असं. मला पिक्चर चांगला असायची पण गरज नव्हती. एक वाक्य नीट हवं होतं. एवढ्या मोठ्या लोकांकडं, एवढ्या यंत्रांकडं, एक वाक्य.

दिवाळी झाल्यावर, भात अर्धं कापून भारे उडवीला, म्हणजे ढीग रचून ठेवायला, लागले होते तेव्हा आमी कल्याणला गेलो. डोळखांबवरून जीप, आटगाववरून गाडी. काकानं लग्नातला शर्ट घातलेला, गळ्यात धुतलेला रुमाल. मॉलमध्ये सरकत्या जिन्याला तो घाबरला नाय, पण वरच्या थंडीला घाबरला, कारण ती थेट त्याच्या भोकात जात होती. रुमालावर हात धरून बसला. बाजूच्या पोरीनं एकदा वळून बघितलं, आणि मग आईला सांगून जागा बदलली. मी तिच्या चालण्याची नक्कल केली, तर काकाचे खांदे हलले. हसला.

पिक्चर सुरू झाला. गोष्ट सांगतो, ज्यांना बघायचाय त्यांनी माफ करा, पण बघू पण नका. कॅप्टन मेलाय. त्याची मोठी झालेली मुलगी त्या मोडक्या चौकीवर पोचते. इथं तिथं बघते. कोपऱ्यात डबड्या. ती विचारते, बाप विचारायचा तसंच, चौकी, जागे आहात का?

काकानं माझं मनगट धरलं.

खडखड. आणि मग, जागा आहे साहेब.

आवाज चुकीचा होता. कसं सांगू. शब्द तेच, खडखड तीच, पण गुळगुळीत. बँकेच्या फोनवरची बाई बोलते तसा, ज्याला कुठंच उभं राहायचं नाय असा. काकानं मला नकलेचं एकच शिकवलं होतं: “आवाज मागनं काढ. पहिलं तो कुठं उभा हाय ते बघ. डबड्या थंडीत उभा हाय, एकटा हाय, आणि त्याला झोप आलीय. तरी तो बोलतोय जागा हाय. मंग बोल.” ह्या आवाजाला झोप आलीच नव्हती.

पण ते पण मी सोडलं असतं. पुढं ती मुलगी स्क्रूड्रायव्हर घेऊन डबड्याची छाती उघडते. आत एक टेप. फिरतेय. आणि ती सगळ्यांना सांगते, म्हणजे आमाला पण सांगते, की हा कधी जागा नव्हताच. पहिल्या भागापासून नव्हता. आत कोणीच नाय. कोणीतरी विचारलं की टेप वाजते, एवढंच. “माझा बाप आयुष्यभर एका टेपशी बोलत होता.” असं बोलून ती टेप उचकटते आणि मागं फेकते. मग नवीन, चकचकीत, निळ्या डोळ्याचं यंत्र येतं आणि नाचतं. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

माझ्या मनगटावरचा हात सुटला. मी बघितलं तर काका पडद्याकडं बघत नव्हता. रुमालावर हात ठेवून समोरच्या खुर्चीच्या पाठीकडं बघत होता. पुढची सगळी लढाई तो तसाच बसून होता. पडद्याचा उजेड त्याच्या तोंडावर लाल-निळा पडत होता.

मी त्या रात्री इंटरनेटवर लोकांचं भांडण वाचलं. कोण बोलतंय भारी वळण दिलं, कोण बोलतंय वाट लावली, कोण तारे देतंय. मी पण लिहिलं: कोंबड्या बऱ्या होत्या. खाली कोणीतरी विचारलं, भाऊ, कुठल्या कोंबड्या? काय सांगणार.

कोंबड्यांचं वाक्य माझं नाय खरं तर. काकाचं आहे. थिएटरमधून खाली आलो, चहाच्या गाडीवर उभे राहिलो. त्याला चहा थंड करून घोट घोट प्यायला लागायचा. मी बडबड करत होतो, पिक्चर पाडला, असल्यांना खळ्यावर झोडपलं पाहिजे, वगैरे. माझं तोंड गप्प बसत नव्हतं, कारण गप्प बसलं की त्याच्याकडं बघायला लागलं असतं. त्यानं ग्लास खाली ठेवला. ओठ हलवले. मला कळलं नाय. परत हलवले. कोंबड्या, बऱ्या, होत्या.

आमी दोघं एवढं हसलो. त्याचं हसू तोंडातून येत नव्हतं, गळ्याच्या भोकातून हवा शिट्टीसारखी सुटायची. चहावाला घाबरला. आणि हसता हसताच काकाचे डोळे भरले आणि हवा तशीच शिट्टीसारखी सुटत राहिली. बाहेरून बघणाऱ्याला तो कधी हसायचा थांबला ते कळलं नसतं. मला कळलं.

दोन दिवसांनी आमच्या खळ्यावर झोडणी. सगळ्यांना माहीत, आमी पिक्चर बघून आलोय. भारे फळीवर पडायला लागले आणि बाळूदादा बोलला, “नकल्या, चल, सोड पिक्चर.” काका पेंढ्यावर टेकून बसलेला, रुमालावर अजून एक फडका, धूळ जाऊ नये म्हणून. खरं तर त्याला तिथं बसवायलाच नको होतं. त्यानं ऐकलं नाय.

मी सुरू केलं. कॅप्टन म्हातारा झालाय, घरी आहे. मुलगी मोठी झालीय. एक दिवस शत्रू परत येतो. “कोंबड्याच ना?” एका पोरानं विचारलं. “मंग काय,” मी बोललो, “ह्या साली गावठी पण मिसळल्यात.” हशा. मुलगी यान घेऊन निघते. चौकीवर अंधार. ती विचारते, चौकी, जागा हायस का?

आणि मी थांबलो. सवयीनं. ते वाक्य त्याचं.

सगळे थांबले. भारे हातात तसेच. काकानं तोंड उघडलं. ओठ हलले. रुमाल एकदा आत ओढला गेला, एकदा बाहेर उडाला. बस.

मग त्यानं माझ्याकडं बोट केलं.

मी काढला आवाज. त्यानं मान हलवली, नाय. हात खाली दाबला: अजून खाली. मी परत बोललो. त्यानं हात खाली दाबला, मग डोळे मिटून डुलकी घेतल्यासारखी मान टाकली: झोप आलीय त्याला, विसरलास का? मी परत बोललो. तो काही सोडेना. एवढी माणसं उन्हात उभी, आणि तो मला एका वाक्यासाठी दुरुस्त करतोय. कितव्यांदा तरी माझ्या घशातून जे बाहेर पडलं ते ऐकून मला पहिल्यांदा कळलं. तो आवाज डबड्याचा नव्हताच कधी. त्या गंजलेल्या टाकीला मी लहानपणी हिंदीत ऐकलेलं, तो साधाच आवाज होता, आता आठवत पण नाय. आमी ज्याच्यावर जीव टाकला तो आवाज दामूकाकाचा होता. गंज त्याचा होता, थंडी त्याची होती, झोप त्याची होती.

काकानं डोळे उघडले आणि हात थांबवला. बरोबर.

काकी आमच्याकडं पाठ करून भात वारवत होती. सुपातून भात खाली पडत होतं, भुसा उडत होता. ती वळली नाय. पण मी दुरुस्त होत होतो तोवर तिचं सूप चालू होतं, आणि शेवटच्या वेळी थांबलं.

शिमग्याच्या आधी काका गेला. सकाळी, काकी पाणी भरायला गेली होती तेव्हा. चमचा त्याच्या हातात होता, असं ती सांगते. वाजवला की नाय ते तिला माहीत नाय. विहिरीवर ऐकू येत नाय.

त्यानंतर मी तो आवाज काढला नव्हता. हळदीला लोक मागतात, डबड्या कर रे नकल्या. मी सांगतो, घसा बसलाय. सुपरवायझरची नक्कल करतो, दोन पुढाऱ्यांची करतो, लोक खूश होतात, जेवतात. कंपनीतल्या एका पोरानं सांगितलं, पिक्चरचा पुढचा भाग येतोय, निळ्या डोळ्यावाल्याचा. मी बोललो, येऊ दे. आता त्यांचं ते बघतील.

आणि यंदाची झोडणी. ऊन तसंच, कुसळं तशीच, शर्टाच्या कॉलरमध्ये, कोपरांत, खाजवून खाजवून कातडं लाल. पलीकडच्या दोन घरांनी मशीन आणलंय, ते दिवसभर घोंघावतं, त्याच्यासमोर कोण काय सांगणार आणि कोण ऐकणार. आमच्याकडं अजून हातानं, पण गप्प. धप्, धप्, आणि मधे कोणीतरी तंबाखू मागतंय. कोंबड्या आल्या ती हीच दुपार.

काकीनं त्यांना हाकललं. जेवणं झाली. मी पेंढ्यावर आडवा झालो आणि टोपी तोंडावर घेतली. नवा पेंढा गरम असतो, त्याला एक गोडसर वास येतो, झोप लागायला काही लागत नाय. लागली पण असेल. टोपीच्या विणीतून ऊन बारीक बारीक दिसत होतं. बांगड्या वाजल्या. काकी सूप घेऊन चालली होती.

“झोपलास का रे?”

सहज विचारलं तिनं. पुढच्या भाऱ्यांसाठी उठवायचं म्हणून. मी विचार केला नाय. विचार केला असता तर ‘नाय काकी, उठतो’ असं बोललो असतो.

“जागा हाय, सायेब.”

बांगड्या थांबल्या.

“मेलं...” काकी बोलली. रोजच्या सुरात, रोजच्या जागी. आणि पुढचं तिला बोलता आलं नाय.

मी टोपी काढली नाय. माझी हिंमत नव्हती. पलीकडं मशीन घोंघावत होतं, आणि टोपीच्या विणीतून मला तिचे पाय दिसत होते, भुशानं पांढरे झालेले. जाईल आता, मला वाटलं. पाय हलले नायत. मग टोपी माझ्या तोंडावरून उचलली गेली. ती वाकून बघत होती, तोंडाकडं नाय, माझ्या गळ्याकडं. डोळे कोरडे होते. तिनं सूप काखेत धरलं, हात वर केला, आणि बोट हवेत गोल फिरवलं.

मी परत बोललो.

बोट परत फिरलं.

लोक उठले होते, भारे आपटायला लागले होते, कोणी आमच्याकडं बघत नव्हतं किंवा बघून बघत नव्हतं. मी बोलत राहिलो. पिक्चरमध्ये कॅप्टनच्या पोरीनं उचकटून मागं फेकलेली ती टेप मला आठवली, पडल्या पडल्या फिरत राहिलेली. बोट फिरत होतं तोवर मी बोललो.

दुसऱ्या दिवशी माझा घसा खरंच बसला. कंपनीत सगळे बोलले, थंडीचा असेल.